शेजारच्या दाराची दांडी

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, आमच्या गॅरेजच्या आवारातले लोक 'किलो' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्यांना ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. मी त्यांना दाजीच म्हणतो. मधले अकरा महिने मात्र मी त्यांना काहीच म्हणत नव्हतो, कारण बोलतच नव्हतो, आणि भाचीसमोर विषय निघाला की सरळ 'तो माणूस' म्हणायचो. माझी बहीण गेली ती त्या माणसाच्या हलगर्जीपणामुळे, असं मी अकरा महिने सगळ्यांना सांगत फिरलो. त्यात माझा हात किती होता ते आता सांगतो. मधेच चिडलो तर सांभाळून घ्या. चिडका म्हणूनच मला लोक ओळखतात.

मी गाड्यांच्या सीटा शिवतो. रेक्झिन, फोम, सुया, दोऱ्याची रिळं आणि चिकटवायच्या सोल्यूशनचा डबा, एवढा माझा संसार. माझी शेड आणि दाजींची शेड यांच्यामध्ये एक पत्र्याची भिंत आहे. पलीकडे दाजी गाड्या हलक्या करायचे. लोक मेकॅनिककडे गाडीत काहीतरी बसवून घ्यायला जातात, दाजींकडे काढून घ्यायला यायचे. रोजच्या वापरातली साधी गाडी आणायची आणि म्हणायचं, हिला शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायचीय. मग दाजी तिच्या पोटातून गालिचे काढत, मागची सीट काढत, स्टेपनी काढत, खालचं आवाज दाबणारं डांबराचं अस्तर तासन्‌तास खरवडत बसत. लोखंडी बॉनेटच्या जागी कार्बनचं, जड बॅटरीच्या जागी एवढीशी, मागच्या काचांच्या जागी प्लॅस्टिकच्या. "इंजिनाची ताकद वाढवायला सगळेच धावतात," ते म्हणायचे. "अरे, आधी तिच्या अंगावरचं ओझं तर उतरवा."

हे वजनाचं वेड त्यांना आधीच्या नोकरीत लागलं. उमेदीची वीस वर्षं ते ट्रकच्या वजनकाट्यावर होते. छोटीशी केबिन, एक खिडकी, समोर लोखंडी फलाट. भरलेला ट्रक यायचा, रिकामा जायचा, मधला फरक दाजी लिहून द्यायचे. ड्रायव्हर शपथांवर शपथा घ्यायचे, की भिजलेला माल आहे, म्हणून जास्त भरतोय. दाजी मान वर न करता म्हणायचे, "तोंडाचं मला सांगू नका. काट्यावर घ्या." पुढे तो काटा बंद झाला, दाजी गाड्यांकडे वळले, पण हे वाक्य त्यांनी बरोबर आणलं. सहा हजार वेळा तरी मी ते ऐकलं असेल. एकदा मी म्हणालो, आज जरा ताप वाटतोय, तर हा माणूस म्हणाला, "वाटतोय म्हणजे? मोजलास का?" डोकं फिरायचं माझं.

त्यांची कामाची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. गाडीतून निघालेला प्रत्येक भाग आधी छोट्या काट्यावर जायचा. मग त्याच्यावर खडूने दोन गोष्टी लिहायच्या, वजन आणि जागा, आणि तो भिंतीवरच्या त्याच्या खुंटीला लटकवायचा. खुंटीभोवती त्या भागाची आकृती खडूने काढलेली. नियम असा, की खुंटी भरलेली असेल तर माल बाहेर आणि खुंटी रिकामी असेल तर माल गाडीत. शेवटी चारी चाकांखाली एकेक काटा सरकवून अख्खी गाडी मोजायची. त्याआधी टाकी रिकामी करून त्यात मोजून दहा लिटर पेट्रोल, म्हणजे तिथे गफलत नको. चार आकड्यांची बेरीज भिंतीवर लिहिलेल्या आकड्याशी जुळली, तरच गाडी शेडबाहेर जाणार. अर्ध्या किलोचा फरक आला तरी दाजी गाडीखाली झोपायचे. एकदा अशा फरकापायी दोन तास शोधाशोध झाली आणि शेवटी सीटच्या फटीत गिऱ्हाइकाचा एक बूट निघाला.

घरातही तेच. ताई म्हणायची, "पहिल्यांदा भेटलो तेव्हा हे मला म्हणाले, तुमचा बांधा मजबूत आहे. मला वाटलं कौतुक चाललंय. नंतर कळलं, अंदाज घेत होते." ताई अंगाने भरलेली, हसली की सगळी हलायची. दाजींनी घरातला जेवणाच्या टेबलाचा पाय कापून पोकळ नळीचा बसवला तेव्हा ती मला म्हणाली, "या घरात फक्त माझ्यावरच कानस चालत नाही." दाजी ओशाळून हसले. बायकोपुढे त्यांचं काही चालायचं नाही आणि चालावं अशी त्यांची इच्छाही नव्हती. घरी पोचल्यावर ते आधी ताईला शोधायचे, मग पाणी प्यायचे.

त्यांना एकच मुलगी, माझी भाची. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते, आणि रविवारी ट्रॅकवर गाडी चालवायची. बापाने वेड दिलं आणि हात तिचे तिने कमावले. पण दोन गाड्या ठेवायची ऐपत कुणाची होती? म्हणून एकच गाडी दोन्हीकडे. शनिवारी दुपारी दाजी ती सोलायचे, रविवारी ती पळायची, सोमवारी सगळं परत चढायचं. रविवारचं वजन आठशे एकसष्ट, रोजचं नऊशे अठ्ठेचाळीस. हे दोन आकडे आमच्या घरात लहान मुलालाही पाठ असते, लहान मूल असतं तर.

आता दांडी. गाडीच्या दाराच्या पोटात एक आडवी पोलादी दांडी असते. बाजूने कुणी येऊन धडकलं तर दार आत घुसू नये म्हणून. ती कारखान्यातच जोडलेली असते, कुणी काढत नाही. दाजींनी शेजारच्या सीटच्या बाजूची दांडी कापून काढली आणि दोन्ही टोकांना पट्ट्या लावून सहा बोल्टांवर बसेल अशी केली. कारण ट्रॅकवर त्या बाजूला कुणीच बसत नाही, मग ते दोन किलो सहाशे चाळीस ग्रॅम फुकट कशाला वाहायचे? शनिवारी सहा बोल्ट काढायचे, सोमवारी सहा बोल्ट आवळायचे. स्टिअरिंगच्या बाजूची दांडी होती तिथेच होती, तिला त्यांनी हात लावला नाही. मला हे काम तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. मी पाठ थोपटली होती त्यांची. दाराचं आतलं पॅड, म्हणजे रेक्झिनचं झाकण, काढायचं-लावायचं काम माझ्याकडे होतं, आणि हाताशी असलो तर ते सहा बोल्टही मी कधीमधी आवळायचो.

शंभरेक सोमवार हे असं चाललं.

त्या रविवारी दाजींना दांडीच्या टोकाला गंज दिसला. त्यांनी ती घासली, तिला लाल प्रायमर मारला आणि शेडच्या मागे उन्हात वाळत ठेवली. सोमवारी सकाळी बाकी सगळं चढवून ते लेथवाल्याकडे गेले. मला एका बसच्या चाळीस सीटा द्यायच्या होत्या, डोक्यावर काम होतं, म्हटलं आपलं पॅड उरकून टाकू. त्यांच्या शेडमध्ये गेलो. खुंटीकडे बघितलं. रिकामी. म्हणजे दांडी गाडीत. दाराच्या भोकांवर प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला होता, तो उचलून बघायला दोन सेकंद लागले असते. मी उचलला नाही. पॅडच्या कोपऱ्यात रेक्झिन सुटलं होतं, तिथे सोल्यूशन लावलं, शेजारच्या सीटवर बसून ते दाबून धरलं, डबा पायाशी ठेवला. मग खटाखट खटके दाबून पॅड बसवलं आणि माझ्या शेडमध्ये पळालो.

दुपारी ताई जेवणाचे डबे घेऊन आली. गाडी दारातच उभी होती. ती सवयीने शेजारच्या सीटवर बसली, दार ओढलं, परत उघडलं, परत ओढलं. मला हाक मारून म्हणाली, "अरे, हे दार आज पत्र्याच्या पेटीसारखं का वाजतंय?"

मी सुईतून मान वर न काढता म्हणालो, "ताई, आता तू पण मिस्त्री होणार का? जेवायला वाढ."

ती हसली आणि वाढायला गेली. हे मी दाजींना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलंच नाही मला.

दाजी लेथवाल्याकडून आले, पॅड लागलेलं बघून जागीच थांबले. भिंतीपलीकडून मला विचारलं, "दांडी?"

"आहे ना," मी म्हणालो.

एवढंच. नंतर मी स्वतःची समजूत घालायचा खूप प्रयत्न केला, की मी 'पॅड लावलंय' अशा अर्थाने म्हणालो असेन, की त्यांनी नीट विचारलं नाही. पण मला सगळं लख्ख आठवतंय. मी 'आहे ना' म्हणालो, आणि तेही वैतागून, काय रोज तेच विचारता अशा सुरात. त्यांना वाटलं, वाळत घातलेली दांडी मेव्हण्याने उचलून बसवली असेल. पण तोंडावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हेच तो. त्यांनी टाकी रिकामी केली, दहा लिटर घातलं, चार काटे सरकवले. नऊशे अठ्ठेचाळीस. चारही चाकांचे आकडे जिथल्या तिथे. त्यांनी भिंतीवर बरोबरची खूण केली आणि गाडी बाहेर काढली.

मंगळवारी सकाळी भाची आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाली. चौकात सिग्नल तोडून मालाची व्हॅन आली आणि शेजारच्या दारावर धडकली. व्हॅन फार वेगातही नव्हती. भाचीचं खांद्याजवळचं गळ्याचं हाड मोडलं. ताई दवाखान्यात पोचेपर्यंत होती, पोचल्यावर नव्हती.

चौथ्या दिवशी विम्याचा सर्व्हेअर आला. बुटका, शांत माणूस. त्याने ते चेपलेलं दार उघडं केलं, आत बॅटरी मारली आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "इथे सहा भोकं आहेत. इथली दांडी कुठाय?" दाजी शेडच्या मागे गेले आणि ती लाल दांडी दोन्ही हातांत घेऊन आले. प्रायमर छान वाळला होता. त्यांनी ती सर्व्हेअरपुढे धरली, आणि मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. रागात मला अरेतुरेचं भान राहत नाही. "तू मोजलंस ना?" मी ओरडलो. "तुझा काटा कुठे गेला होता? माझी बहीण खाल्लीस तू, दोन किलोसाठी." आवारातल्या चौघांनी मला मागे ओढलं. दाजी फक्त एवढंच म्हणाले, "काटा बरोबर होता. दांडी नव्हती." मग सर्व्हेअरने विचारलं, गाडीला शेवटचा हात कुणी लावला? मी तिथेच उभा होतो. दाजी म्हणाले, "मी."

मी तोंड उघडलं नाही. मनात म्हटलं, बरोबरच आहे, काट्यावर घेणारे तेच, सोडणारे तेच. माझं 'आहे ना' त्यांनी कधी मानलं होतं? शंभर सोमवार मानलं नाही, त्या सोमवारीही मानलं नसणार. या एका गोष्टीवर मी उभा होतो, की गाडी काट्याने पास केली, मी नाही.

भाचीने बापाला एकदाच विचारलं. हात गळ्यात बांधलेला, माझ्या घरी खाटेवर बसलेली. "बाबा, तू मोजलं होतंस ना?"

"मोजलं होतं."

"मग?"

  दाजी बसल्या जागी आपल्या पंज्यांकडे बघत राहिले, आणि ती म्हणाली, "मला तुझं तोंड बघायचं नाही." दोन महिने ती आमच्याकडे राहिली. माझ्या बायकोने तिला न्हाऊ-माखू घातलं, आणि मी काय केलं? रोज आगीत तेल ओतलं. जेवताना, भांडी आवरताना, तोच विषय. त्या माणसाला माणसापेक्षा ग्रॅम प्यारे होते, असं मी तिला सांगायचो, आणि ती ऐकायची. पुढे तिने दुकानाजवळ एक खोली घेतली, पण दर रविवारी माझ्याकडे यायची. आधी रविवार ट्रॅकचा होता, आता मामाचा झाला. ती दाराशी आली, की "मामा, आहेस का?" म्हणून हाक मारायची. खोटं कशाला बोलू, मला ते बरं वाटायचं. ताईचं काहीतरी माझ्याकडे उरलंय असं वाटायचं.

त्या आठवड्यात माझा सोल्यूशनचा डबाही हरवला. मी माझ्या सगळ्या वस्तूंना निळ्या रंगाचा ठिपका लावतो, तसा त्यालाही होता. दुःखात माणसाला क्षुल्लक गोष्टींचा जास्त राग येतो. मी शेजारच्या रंगाऱ्यावर संशय घेतला, त्याच्याशी कचाकचा भांडलो आणि नवा डबा आणला. रंगारी अजूनही माझ्याशी धड बोलत नाही.

चौकशी संपली, चेपलेली गाडी दाजींच्या शेडमध्ये परत आली. ती त्यांनी एकट्याने रिकामी केली. दोन दिवस पत्र्यापलीकडून खरवडल्याचा, पुसल्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. त्यानंतर त्यांनी गाडी हलकी करायचं काम घेतलं नाही. आधी हलक्या केलेल्या गाड्यांचे मालक बोलावून ते सगळं परत बसवून द्यायचे. आलेल्या माणसाला म्हणायचे, सगळं परत बसवून देतो, तशीच घरी नेऊन चालव. काही लोक चिडायचे, काही हसायचे. मी कान देऊन ऐकायचो आणि मनात म्हणायचो, आता अक्कल आली.

मागच्या महिन्यात मला माझी रिव्हेटची पक्कड हवी होती. ती केव्हातरी दाजींनी नेली होती. मागणार कशी, बोलणंच बंद. ते लेथवाल्याकडे गेलेले बघून मी त्यांच्या शेडमध्ये शिरलो. खालच्या फळीवर नाही, मधल्या फळीवर नाही. स्टुलावर चढून वरची फळी चाचपली. मागे, ग्रीसच्या डब्यांच्या आड, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. उघडलं तर माझा डबा. निळा ठिपका. झाकणाभोवती वाळलेलं सोल्यूशन. आणि पोटावर दाजींच्या अक्षरात खडूने लिहिलेलं: २.५५०. त्याखाली, शेजारची सीट, खाली.

मी स्टुलावरून उतरलो आणि जमिनीवरच बसलो. 

दांडी दोन किलो सहाशे चाळीस. डबा दोन किलो साडेपाचशे. ते मोठे काटे अर्ध्या किलोच्या खालचं दाखवत नाहीत. दाराची दांडी आणि त्याच दाराजवळच्या सीटखाली सरकलेला डबा, चाकांनाही फरक कळला नाही. मी त्या सीटवर बसलो होतो, डबा मी पायाशी ठेवला होता, उठताना माझाच पाय लागून तो आत गेला असणार. दांडी नव्हती, तिच्या जागी मी माझा डबा ठेवला आणि वर 'आहे ना' म्हणालो. काट्याने माझीच री ओढली. माझ्या बहिणीने दाराचा आवाज ऐकून मला विचारलं होतं, आणि मी तिला वाढायला पाठवलं.

आणि हे सगळं दाजींना गाडी परत आली त्या दिवसापासून माहीत होतं. मोजलं, लिहिलं, फडक्यात गुंडाळलं आणि मागे सारलं. पोटची पोरगी तोंड बघेना, मेव्हणा चारचौघांत अंगावर धावून येतो, आणि हा माणूस पत्र्याच्या पलीकडे गप्प. एकदा तरी तो डबा माझ्या तोंडावर फेकायला हवा होता त्यांनी. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

डबा पिशवीत घातला आणि तडक भाचीच्या दुकानात गेलो. मागच्या बाजूला तिची काच घासायची जागा आहे, पाण्याची धार लावलेलं यंत्र, वर एक दिवा. मी डबा तिच्यासमोर ठेवला आणि उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. खुंटी, पडदा, डबा, ताईने विचारलेलं, माझं 'आहे ना'. काही लपवलं नाही. तिने यंत्र बंद केलं.

"तू बघून म्हणालास, आहे?"

"खुंटी बघून."

"दार उघडून नाही?"

"नाही."

ती डब्यावरचं खडूचं अक्षर बघत होती. बापाचं अक्षर तिला लांबूनही कळतं. "आणि मला वर्षभर तू काय सांगत होतास?" मी पिशवीची घडी घातली. "बाबांना हे कधीपासून माहीत आहे?"

"गाडी परत आली तेव्हापासून."

तिने डबा माझ्याकडे सरकवला. "तू जा आता," ती म्हणाली. मामा म्हणाली नाही. यंत्र परत सुरू केलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मी डबा उचलून निघालो.

परत आलो तेव्हा दाजी एका गाडीची मागची सीट बसवत होते. मी दारात उभा राहिलो. अकरा महिन्यांनी पहिल्यांदा 'दाजी' म्हणून हाक मारली. त्यांनी मान वळवली, आधी माझ्या हातातला डबा बघितला, मग मला.

"कुठे नेला होतास?"

"तिला दाखवायला."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "काय सांगितलंस?"

"सगळं."

ते गाडीच्या उंबऱ्यावर बसले. मला वाटलं, आता तरी शिव्या घालतील. घातल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते. मी म्हणालो, "दाजी, तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. का? मी तुम्हाला काय-काय म्हणालो."

"काय बोलणार?" ते म्हणाले. "दांडी कापली मी. निघेल अशी केली मी. वाळत घातल्याचं तुला सांगितलं नाही मी, काट्यावर भरवसा ठेवला मी. तुझा आपला एक डबा." मग ते सीटचा बोल्ट अंगठ्याने फिरवू लागले. "पण तिला कशाला सांगितलंस रे? आई गेली. बाप तिने टाकला. एक मामा तरी होता तिला."

 मी डबा त्यांच्या फळीवर परत ठेवला आणि माझ्या शेडमध्ये आलो. सुईत दोरा ओवायला मला त्या दिवशी कितीतरी वेळ लागला.

रविवारी बायकोने तिचं ताट वाढून ठेवलं होतं. ती आली नाही. दुपारी मी आवारात आलो, म्हटलं काम तरी करू. चार वाजता ती फाटकातून आत येताना दिसली. पायी. खांदा अजून थोडा वाकडा धरते. मी मशीनवरून उठलो, दारापर्यंत गेलो. ती माझ्या शेडवरून सरळ पुढे गेली, मान न वळवता, आणि दाजींच्या शेडमध्ये शिरली.

पत्र्यापलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग तिचा आवाज, हळू, आणि मधेच थांबणारा. मग त्यांचा. अकरा महिन्यांनी बापलेक बोलत होते, आणि ते मीच घडवून आणलं होतं, असं म्हणायला हरकत नाही. मला वाटलं, ती जाताना तरी हाक मारेल. पाच वाजले, सहा वाजले. पत्रा पातळ आहे, सगळं ऐकू येतं. मी मशीन सुरू केलं आणि सुईखाली काही नव्हतं तरी चालू ठेवलं.